अकेडियन पूर्वज शोधताना : नुसतं नाव नको, जोडपं धरा

नात झाली तेव्हा ठरवलं की तिच्यासाठी दोन्हीकडची वंशावळ लिहून ठेवायची. आमच्या घराण्याची तर तयारच होती, सासऱ्यांनी हाताने काढलेली, नऊ पिढ्या, मूळ पुरुषापासून खाली फांद्या फुटत आलेल्या. सून इथलीच, कॅनडातल्या न्यू ब्रन्सविकमध्ये मंक्टनजवळच्या शेडियाकची, माहेरचं आडनाव लब्लाँ, तिच्या आईचं माहेर कॉर्मिए, म्हणजे दोन्ही बाजूंनी अकेडियन, इथल्या जुन्या फ्रेंच वसाहतीतल्या लोकांच्या वंशातली. तिच्या बाजूचं लिहिलेलं काहीच नव्हतं म्हणून मी शोधायला बसले आणि तीन हिवाळे त्यातच गेले. आता १६७१ पर्यंत पोचलेय आणि वरपर्यंत जवळजवळ प्रत्येक बाईचं नाव मिळालंय, माहेरच्या आडनावासकट. आमच्या नऊ पिढ्यांच्या कागदावर एकाही बाईचं नाव नाहीये. दोन्ही कागद शेजारी ठेवले तेव्हा खूप वाईट वाटलं, आणि अकेडियन माणूस कसा शोधायचा याची किल्लीही मला त्यातच मिळाली.

कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर, नाहीतर तिकडे ह्यूस्टन-लुइझियानाकडे राहणाऱ्या आपल्या लोकांच्या घरी आता असे जावई-सुना येतायत (लुइझियानातले केजन म्हणजे बरेचसे याच लोकांचे वंशज, केजन हा शब्दसुद्धा अकेडियनवरूनच आला), त्यांना सुरुवात कुठून करायची ते कळावं म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

आधी थोडा इतिहास, कारण तो माहीत नसेल तर कुठला कागद कुठे शोधायचा तेच कळत नाही. अकेडी ही फ्रेंचांची वसाहत, आजचा नोव्हा स्कोशिया, न्यू ब्रन्सविक, प्रिन्स एडवर्ड आयलंड हा भाग. पोर्ट रॉयल १६०५ चं, पण बायकापोरांसकट कुटुंबं यायला लागली ती १६३० च्या दशकात. समुद्राच्या भरतीचं पाणी बांध घालून अडवायचं आणि त्या खाजणात शेती करायची, हे त्यांचं कसब, आपल्या कोकणातल्या खारबंदिस्तीसारखंच. १७१३ च्या तहात मुख्य भाग इंग्रजांकडे गेला. हे लोक आम्ही कुणाच्याच बाजूने लढणार नाही म्हणत राहिले, आणि १७५५ च्या २८ जुलैला लेफ्टनंट गव्हर्नर चार्ल्स लॉरेन्सने हॅलिफॅक्सला ठरवलं की सगळ्यांना उचलून बाहेर पाठवायचं. ५ सप्टेंबरला ग्राँ-प्रे या अकेडियन गावाच्या चर्चमध्ये ४१८ पुरुष आणि मुलगे बोलावून घेतले, हुकूम वाचून दाखवला आणि तिथेच कोंडून ठेवलं. त्यानंतर १७६३ पर्यंत दहा हजारांहून जास्त माणसं जहाजांत घालून पाठवली गेली, घरं जाळली, कुटुंबं तुटली. फ्रेंचमध्ये याला ग्राँ देराँज्माँ म्हणतात, मोठी उलथापालथ. तुमच्या शोधातली सगळ्यात अवघड जागा हीच. तिच्या अलीकडचं शोधणं वेगळं आणि पलीकडचं वेगळं.

सुरुवात मात्र घरातूनच करायची, आजपासून मागे, एकेक पिढी. बरेच जण आडनाव लब्लाँ दिसलं की थेट सतराव्या शतकातला दानिएल लब्लाँ लिहून मोकळे होतात. तो सगळ्या अकेडियन लब्लाँ लोकांचा मूळ पुरुष आहे हे खरंच, पण त्याच्या कुठल्या मुलाच्या कुठल्या नातवापासून तुम्ही आलात तेच तर शोधायचंय ना. म्हणून आधी म्हाताऱ्या माणसांशी बोला. माझ्या विहीणबाई पंचाहत्तरीच्या आहेत, त्यांना नुसतं तुमच्या आजोबांचं नाव काय विचारलं तर थोडंच सांगतात, पण उन्हाळ्यात कुणाच्या घरी राहायला जायचात, मयताला कोण कोण आलं होतं असं विचारलं की सगळी माणसं बाहेर येतात. प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलेली मयताची छोटी कार्डं असतात, फोटो आणि तारखेसह, तीही मागून घ्या. आणि प्रत्येक बाईबद्दल एकच प्रश्न न चुकता विचारा, माहेरचं आडनाव काय.

याचं कारण असं की अकेडियन लोकांत नावं फार थोडी. ज्याँ, पिएर, जोसेफ, शार्ल, मारी, मार्गरीत, आन, हीच फिरून फिरून, आणि आडनावंही मोजकी. एकाच गावात एकाच वेळी चार जोसेफ लब्लाँ असायचे. मी पहिल्या हिवाळ्यात चुकीच्या जोसेफच्या मागे लागले आणि दोन महिन्यांचं काम पुसून टाकावं लागलं. पण जोसेफ लब्लाँ आणि त्याची बायको मार्गरीत अमुक असं जोडपं म्हणून शोधलं की गोंधळ खूप कमी होतो, कारण तीच दोन नावं एकत्र पुन्हा येण्याची शक्यता कमी असते. चर्चच्या नोंदीत बाई मरेपर्यंत माहेरच्या आडनावानेच राहते. मुलाच्या बाप्तिस्म्यात, स्वतःच्या दफनात, मुलांच्या लग्नात, सगळीकडे तेच. म्हणून माझी सवय झालीये, वहीत एकेकट्या माणसाला पान द्यायचंच नाही, पान जोडप्याला.

गावातले लोक स्वतःही हा गोंधळ ओळखून होते, म्हणून ते माणसाला पिएर आ ज्याँ आ शार्ल म्हणायचे, म्हणजे शार्लच्या ज्याँचा पिएर. आपल्याकडे गावात बाळूचा गणपत म्हणतात तसंच. घरात असं लांबलचक नाव कुणाला आठवत असेल तर तीन पिढ्या फुकटात मिळाल्या समजा. शिवाय काही आडनावांना दी (म्हणजे उर्फ) लावून दुसरं नाव जोडलेलं असतं. ब्रोसार दी बोसोलेय, आशे दी गालाँ वगैरे. पुढे एक फांदी पहिलं नाव लावते आणि दुसरी दुसरं. प्रिन्स एडवर्ड आयलंडवरचे गॅलंट आणि न्यू ब्रन्सविकमधले आशे एकाच मिशेल आशेचे वंशज.

स्पेलिंगबद्दल तर काय सांगू. जुन्या कागदात बूद्रो हे टी ने संपतं, कॅनडात ते ई-ए-यू झालं आणि लुइझियानात त्याच्या शेवटी एक्स लागला. गोत्रो, तेरियो, कोमो सगळ्यांचं हेच. सोनिए तिकडे वेगळ्याच स्पेलिंगने, बूर्गचं इथे बूर्क. आणि जिथे इंग्रजांत जाऊन राहिले तिथे तर भाषांतरच, लब्लाँचं व्हाइट, पुआरिएचं पेरी, ओक्वँचं वेज. म्हणून सर्च करताना एकच स्पेलिंग टाकून काही मिळालं नाही म्हणून सोडू नका, आधी कागदावर सगळी रूपं लिहून काढा आणि एकेक टाकून बघा. उलटंही होतं, केजन घरातलं प्रत्येक आडनाव अकेडियन नसतं. रोमेरो स्पॅनिश आहे, शेक्सनायडर जर्मन आहे, फोंतनो फ्रेंच असले तरी अकेडीतून आलेले नाहीत. अशा आडनावाचा माणूस अकेडियन निघतो तो बऱ्याचदा आईकडून, म्हणून पुन्हा तेच, माहेरचं नाव.

आता विसावं-एकोणिसावं शतक, हे तुलनेने सोपं आहे, पटकन सांगते. कॅनडाचे सेन्सस १९३१ पर्यंतचे खुले झालेत आणि लायब्ररी अँड आर्काइव्हज कॅनडाच्या साइटवर फुकट बघता येतात. १९०१ च्या सेन्ससमध्ये पूर्ण जन्मतारीख विचारलेली आहे (तारीख जरा इकडेतिकडे असते, तरी उपयोगी). न्यू ब्रन्सविकच्या प्रांतिक आर्काइव्हजने जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदी ऑनलाइन टाकल्यात, पण तिथली सरकारी नोंदणी १८८८ पासूनची. नोव्हा स्कोशियात १८६४ पासून सुरू झाली पण जन्म-मृत्यूच्या नोंदी १८७७ ला थांबल्या आणि परत १९०८ पासून सुरू, मधली तीस वर्षं फक्त लग्नं, त्यामुळे जन्मनोंद मिळाली नाही तर घाबरू नका. अमेरिकेत १९५० चा सेन्सस खुला आहे. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या साइटवर खातं फुकट निघतं आणि चर्चची कितीतरी पुस्तकं तिथे स्कॅन करून ठेवलेली आहेत. लुइझियानासाठी बॅटन रूजच्या डायोसिसने (कॅथलिक धर्मप्रांताने) जुन्या नोंदींचे छापील खंड काढलेत, तिकडच्या मोठ्या लायब्ररीत मिळतात.

सरकारी नोंदी संपल्या की चर्चची पुस्तकं, आणि ती फ्रेंचमध्ये. फ्रेंच येत नाही म्हणून थांबू नका, मलाही येत नव्हतं, पंधरा-वीस शब्दांत काम भागतं कारण पाद्री एकच साचा वापरतो. बातेम म्हणजे बाप्तिस्मा, मारियाज लग्न, सेपुल्त्यूर दफन. फीस द म्हणजे अमक्याचा मुलगा, फीय द मुलगी. व्होव्ह म्हणजे विधवा. नावाआधी फ असा छोटासा शब्द दिसला, एफ-ई-यू असा लिहिलेला, तर तो म्हणजे आपला कै., त्या तारखेच्या आधी तो माणूस गेलेला होता, ही माहिती सोन्यासारखी असते कारण मृत्यूची नोंद मिळाली नाही तरी अंदाज बांधता येतो. ईएर म्हणजे काल, बाळ काल जन्मलं आणि आज बाप्तिस्मा. ओंदुआये दिसलं तर पाद्री नव्हता म्हणून घरातल्या कुणीतरी बाळाला घाईने पाणी दिलं होतं. आणि पारँ, मारेन, म्हणजे धर्मपिता आणि धर्ममाता, यांची नावं कधीही सोडू नका, बहुतेक वेळा ते काका, मामा, मावशी, आजी असतात. माझ्या सुनेची एक खापरपणजी कुणाची मुलगी तेच लागत नव्हतं, तिच्या धर्ममातेचं नाव धरून मामाचं घर सापडलं आणि तिथून आई.

यापुढे ती अवघड जागा, १७५५ ते साधारण १७८५. इथे विचार असा करायचा की आपलं जोडपं या काळात कुठे नेऊन टाकलं होतं, कारण कागद त्या जागेप्रमाणे वेगळे.

मॅसॅच्युसेट्स, कनेक्टिकट, न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया, मेरीलँड, दोन्ही दक्षिणेकडच्या वसाहती साउथ कॅरोलिना आणि जॉर्जिया, इथे १७५५ ची जहाजं गेली. मॅसॅच्युसेट्सला कॅथलिक पाद्रीच नव्हते, म्हणून दहा-अकरा वर्षं ना बाप्तिस्मा ना लग्न, माणसं गायब झाल्यासारखी वाटतात. पण तिथल्या राज्य आर्काइव्हजच्या २३ आणि २४ क्रमांकाच्या खंडांत या लोकांचे अर्ज, वाटप, कुठल्या गावात किती जण ठेवले असे कागद आहेत, ते फ्रेंच न्यूट्रल या नावाखाली येतात. त्यातले कितीतरी जण १७६६-६७ च्या सुमारास क्वेबेकला गेले, तिथे पाद्री मिळाल्यावर दहा वर्षांची राहिलेली सगळी मुलं एकदमच बाप्तिस्म्याला नेली, आणि आधी साक्षीदारांसमोर केलेली लग्नं पाद्रीने पुन्हा लावून दिली. म्हणून लग्नाची तारीख मुलांच्या जन्मानंतरची दिसली तर चूक समजू नका. १७६३ मध्ये वसाहतींतल्या लोकांनी आम्हाला फ्रान्सला न्या म्हणून कुटुंबवार याद्या करून दिल्या होत्या, त्याही बघा.

व्हर्जिनियाने आलेली जहाजं ठेवूनच घेतली नाहीत, त्या लोकांना इंग्लंडला पाठवलं आणि लिव्हरपूल, साउथॅम्प्टन, ब्रिस्टल, फालमाउथ इथे ते १७६३ पर्यंत अडकून पडले, मग फ्रान्सला. १७५८ मध्ये लुईबुर्ग हा फ्रेंचांचा किल्ला पडल्यावर प्रिन्स एडवर्ड आयलंडवरच्या लोकांना थेट फ्रान्सकडे धाडलं, त्या डिसेंबरमध्ये ड्यूक विल्यम आणि व्हायोलेट ही दोन जहाजं समुद्रात बुडाली. १७५२ च्या सेन्ससमध्ये (त्याबद्दल पुढे सांगते) आईबाप आणि सहा-सात लेकरं असं भरलेलं घर दिसतं आणि त्यानंतर त्या घरातल्या एकाचंही नाव कुठेच येत नाही, असं झालं की मी तो दिवस पुढे काम करत नाही.

फ्रान्सला पोचलेल्यांबाबत मात्र एक विलक्षण गोष्ट घडली. १७६५ मध्ये ७८ कुटुंबांना ब्रिटनीजवळच्या बेल-ईल बेटावर वसवलं आणि १७६७ मध्ये प्रत्येक कुटुंबप्रमुखाकडून शपथेवर त्याची वंशावळ लिहून घेतली, कारण त्यांचे मूळ कागद हरवलेले होते. बाप, आजोबा, पणजोबा, फ्रान्सहून कोण आलं, भावंडं आता कुठल्या देशात आहेत, सगळं. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरला गेलं की उपाध्ये वही काढून पिढ्या वाचतात तेव्हा अंगावर काटा येतो ना, अगदी तसंच होतं हे वाचताना. तुमचं जोडपं बेल-ईलला गेलेलं नसलं तरी त्यांचा चुलतभाऊ गेलेला असू शकतो आणि त्याच्या जबानीत तुमची फांदी सापडते. हे सगळं आठवणीतून सांगितलेलं आहे म्हणून दुसऱ्या कागदाशी जुळवून मगच वहीत पक्कं करा.

फ्रान्समधून १७८५ मध्ये सात जहाजांतून जवळजवळ १६०० जण लुइझियानाला गेले, त्यांच्या याद्या आहेत. त्याआधी १७६५ मध्ये बोसोलेय ब्रोसार या अकेडियन पुढाऱ्याबरोबर हॅलिफॅक्सकडून सुमारे दोनशे जण तिथे पोचले होते. आणि जे पळून जंगलात लपले, पकडले गेले, त्यांच्या कैद्यांच्या याद्या हॅलिफॅक्स, फोर्ट एडवर्ड, फोर्ट कंबरलँड इथल्या मिळतात. माझ्या सुनेचे लोक बहुतेक यातलेच, १७६४ नंतर परत राहायची परवानगी मिळाल्यावर मेमरामकूककडे आले, त्यांची जुनी जमीन तोवर दुसऱ्यांना दिलेली होती.

पलीकडे पोचलात की मात्र उजेड आहे. पोर्ट रॉयलच्या सँ-ज्याँ-बातीस्त चर्चच्या १७०२ ते १७५५ च्या नोंदी नोव्हा स्कोशिया आर्काइव्हजच्या साइटवर आहेत, मूळ पानाच्या फोटोसकट, आणि नावाने शोधता येतात. रात्री अकरा वाजता स्वयंपाकघरात बसून मी १७०० च्या सुमारचं हस्ताक्षर वाचत होते, पाद्रीची सही, आणि लिहिता न येणाऱ्यांनी केलेली खूण, ते बघताना रडू आलं. ग्राँ-प्रेचं पुस्तक, १७०७ ते १७४८ चं, निर्वासित लोकांनी आपल्याबरोबर वाचवून नेलं आणि आज ते बॅटन रूजच्या डायोसिसकडे लुइझियानात आहे. जाळपोळ चालू असताना कुणीतरी ते उचललं म्हणून आज आपण वाचतोय. बोबासँ या गावाच्या नोंदी तुटक आहेत. पिझिगिट आणि कोबेक्विड या वस्त्यांची पुस्तकं गेलीच, तिथली कुटुंबं असतील तर सेन्सस आणि इतर गावांतली लग्नं यांच्यावरच भागवायचं.

सेन्सस अनेक आहेत, १६७१, १६७८, १६८६, १६९३, १६९८, १७००, १७०१, १७०३, १७०७, १७१४, शिवाय १७५२ चा द ला रोक या फ्रेंच अधिकाऱ्याने केप ब्रेटन आणि प्रिन्स एडवर्ड आयलंड या दोन्ही बेटांवर घरोघर जाऊन केलेला, त्यात वय, जन्माचं ठिकाण, काम सगळं. १६७१ चा फादर लोराँ मोलँने केला. त्यात दानिएल लब्लाँ, त्याची बायको फ्रांस्वाझ गोदे, मुलं, गुरं, मेंढ्या, जमीन अशी नोंद आहे, म्हणजे बायको इथेही माहेरच्या नावाने. काही लोक तेव्हाही माहिती द्यायला तयार नव्हते. पिएर मेलान्सों या शिंप्याने वय आणि गुरांचा आकडा सांगायला नकार दिला आणि त्याची बायको पाद्रीला म्हणाली की असल्या गोष्टींसाठी गल्लोगल्ली हिंडायला वेड लागलंय का. हे पाद्रीने जसंच्या तसं लिहून ठेवलं.

इथे सगळ्यात भरवशाचं पुस्तक म्हणजे स्टीफन व्हाइट यांचा अकेडियन कुटुंबांचा दोन खंडांचा कोश, १९९९ चा, मंक्टन विद्यापीठाने काढलेला, १६३६ ते १७१४ पर्यंतची कुटुंबं त्यात आहेत. विद्यापीठातच अकेडियन अभ्यास केंद्र आहे, तिथे जाऊन बघता येतो. नेटवर तयार मिळणाऱ्या झाडांवर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नका, एकाने चूक केली की शंभर जण कॉपी करतात. खाली मूळ कागदाचा दाखला दिलेला असेल तरच घ्या.

जिथे नोंदपुस्तक हरवलंय तिथे एक फार सुंदर आधार आहे, तो म्हणजे लग्नाची सूट. नात्यात लग्न असेल तर चर्चची परवानगी लागायची आणि पाद्री लिहायचा की तिसऱ्या डिग्रीची सूट दिली, तिसऱ्या-चौथ्याची दिली. दुसरी डिग्री म्हणजे दोघांचे आजोबा-आजी एक, तिसरी म्हणजे पणजोबा एक, चौथी म्हणजे खापरपणजोबा एक. तिसऱ्या-चौथ्याची म्हणजे एकाचा पणजोबा तो दुसऱ्याचा खापरपणजोबा. आता समजा मुलीची आई कोण ते माहीत नाही, पण सूट तिसऱ्या डिग्रीची आहे, तर मुलाचे चारही बाजूंचे पणजोबा-पणज्या लिहा आणि त्यातला कुठला मुलीच्या बाजूला बसतो ते तपासा. तासन् तास जातात, आपण पत्रिका जुळवताना बसतात तसे कागद पसरून बसावं लागतं, पण उत्तर मिळतं. फक्त अफिनिते हा शब्द आला तर नातं रक्ताचं नसून आधीच्या वारलेल्या नवऱ्याकडून किंवा बायकोकडून आलेलं असतं, तेव्हा रक्ताचं शोधत बसू नका.

याच कारणामुळे डीएनए टेस्टमध्येही सांभाळा. थोड्या कुटुंबांची आपसांत पिढ्यान् पिढ्या लग्नं झाल्यामुळे दोन अकेडियन माणसं एकमेकांशी दहा-दहा वाटांनी जोडलेली असतात, त्यामुळे मॅच दाखवतो त्यापेक्षा नातं लांबचं निघतं. आणि घरात आमची एक पूर्वज मिकमॉ (इथले मूळ रहिवासी) होती असं सांगत असतील तर ते खरंही असू शकतं, फिलीप म्यूस दाझी या जुन्या अकेडियन माणसाची लग्नं मिकमॉ बायकांशी झाली होती, पण ज्यांच्याबद्दल असं सांगितलं जायचं अशा काही बायकांची आईकडची डीएनए शाखा युरोपियन निघालीये. म्हणून कागद असल्याशिवाय लिहू नका, तो त्या लोकांच्या ओळखीचा प्रश्न आहे.

तारखांचं एक राहिलं. इंग्रजांनी कॅलेंडर सप्टेंबर १७५२ मध्ये बदललं, त्याआधी त्यांच्या कागदातली तारीख फ्रेंच चर्चच्या तारखेपेक्षा अकरा दिवस मागे असते, दोन वेगळे प्रसंग समजून गल्लत होते.

शक्य असेल तर १५ ऑगस्टला इकडे या. तो अकेडियन लोकांचा राष्ट्रीय दिवस आहे, १८८१ मध्ये मेमरामकूकला ठरलेला. संध्याकाळी सगळे पातेली-झाकणं वाजवत रस्त्यावर उतरतात, तँतामार म्हणतात त्याला. गेल्या वर्षी नात माझ्या कडेवर होती, हातात चमचा आणि स्टीलची ताटली, मी इथे येताना आणलेल्या ताटांपैकीच एक. बाजूला उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी तिच्याकडे बघून विचारलं, ही कुणाची. मी सुनेचं नाव सांगितलं, तिच्या आईचं सांगितलं, मग आईच्या आईचं माहेर सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, अरे मग ही तर आमच्यातलीच. घरी आल्यावर त्यांचं आडनाव वहीत शोधलं, पाचव्या पिढीत दोन घरं एक होतात. आता आमच्या त्या नऊ पिढ्यांच्या कागदावरच्या बायका शोधायला घेतल्यात, वाईच्या आमच्या आत्येसासूबाई नव्वदीच्या आहेत, दर रविवारी त्यांना फोन करते आणि एकेकीचं माहेर विचारते, आतापर्यंत चार नावं मिळालीत.